भागाकारातली बाकी: 'लेजेंड्स ऑफ टुमॉरो'चा दुसरा सीझन नीट समजून घेताना

कालप्रवास करून इतिहास सांभाळणाऱ्या टीमची मालिका म्हणजे 'लेजेंड्स ऑफ टुमॉरो'. तिचा दुसरा सीझन पाहिलेल्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. ईओबार्ड थॉन मेला होता ना, मग तो इथे कसा? भाल्याचे तुकडे नक्की किती आणि कुणाकडे होते? शेवटच्या एपिसोडमध्ये एकाच खंदकात दोन-दोन सारा कुठून आल्या? गोष्ट वाटते तेवढी गुंतागुंतीची नाही. काळाचे दोन-तीन नियम आधी समजून घेतले की सतरा एपिसोड एका धाग्यात बसतात. (इथून पुढे शेवटापर्यंतचं सगळं उघड केलं आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून या.)

अमेरिकेतल्या 'द सीडब्ल्यू' वाहिनीवर हा सीझन १३ ऑक्टोबर २०१६ ला सुरू झाला आणि ४ एप्रिल २०१७ ला संपला. डिसेंबरपर्यंत तो गुरुवारी लागायचा, २४ जानेवारीपासून मंगळवारी. पहिल्या सीझनमध्ये व्हँडल सॅव्हेज हा हजारो वर्षं जगलेला खलनायक होता आणि गोष्ट त्याच्या व ससाणा-जोडप्याच्या पुनर्जन्मांभोवती फिरत होती. दुसऱ्यात ते सगळं सुटलं. 'वेव्हरायडर' हे कालयान, त्यातली बोलणारी संगणक-प्रणाली गिडियन आणि टीममधली पाच-सहा माणसं (सारा लान्स, रे पामर, प्रोफेसर स्टाइन, जॅक्स, मिक रोरी) तेवढी राहिली. इतिहासाचा प्राध्यापक नेट हेवूड आणि १९४२ सालातून आलेली अमाया जीवे, म्हणजेच व्हिक्सन, हे दोघे नवे. कप्तान रिप हंटर पहिल्याच एपिसोडमध्ये गायब होतो आणि काही दिवसांत त्याची खुर्ची सारा लान्सकडे येते. मालिकेची नाडी इथेच बदलली. रिप आदेश द्यायचा, सारा माणसं सांभाळते.

काळ कसा वागतो

पहिला नियम: इतिहास बदलला की तो बदल लगेच पक्का होत नाही. ओल्या सिमेंटवर पाऊल पडावं तसं असतं. थोडा वेळ ते पुसता येतं, सुकल्यावर नाही. अशा चुकीच्या पाऊलखुणेला मालिकेत 'ॲबरेशन' म्हणतात. खूण जेवढी मोठी, तेवढी तिची लाट पुढच्या काळात भूकंपासारखी जाणवते. ती लाट ओळखायची, त्या वर्षात जायचं आणि सिमेंट सुकायच्या आत खूण पुसायची, हे या टीमचं रोजचं काम. पहिल्याच एपिसोडमध्ये १९४२ साली नाझींचा अणुबॉम्ब न्यूयॉर्कवर पडतो. तो पडू नये म्हणून चाललेली सगळी धावपळ याच कामात मोडते.

दुसरा नियम: ज्या घटनेत आपण स्वतः होतो, तिथे परत जायचं नाही. एकाच जागी एकाच माणसाच्या दोन आवृत्त्या आल्या की काळाला ताण बसतो. सीझनभर हा नियम अधूनमधून ऐकू येतो आणि नुसता इशारा वाटतो. शेवटच्या एपिसोडचा सगळा भार मात्र त्याच्यावरच आहे.

तिसरा नियम कुणी शब्दांत मांडत नाही, तो एपिसोडमधून दिसतो. कालप्रवासी बदलापासून सुरक्षित नसतात, बदल त्यांच्यापर्यंत फक्त उशिरा पोहोचतो. नवव्या एपिसोडमध्ये टीम १९६७ च्या लॉस एंजेलिसला जाते. तिथे चित्रपट शिकणारा तरुण जॉर्ज लुकास घाबरून चित्रपटांचा नाद सोडतो. नेटला इतिहासाची आणि रे पामरला विज्ञानाची गोडी लागली ती लुकासचे चित्रपट पाहूनच. त्यामुळे नेटला इतिहास आठवेनासा होतो, रेला आपलंच यंत्र समजेनासं होतं. ज्ञान एकदम जात नाही, हळूहळू झिरपून जातं. हा एपिसोड हलकाफुलका वाटला तरी काळाचा तिसरा नियम इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दाखवलेला नाही, म्हणून तो वगळू नये.

थॉनचा गुंता

आता खरा अवघड भाग. ईओबार्ड थॉन हा भविष्यात जन्मणारा वेगवान माणूस, फ्लॅशचा कट्टर शत्रू. हा भाग समजायला 'द फ्लॅश' मालिकेतल्या तीन घटना माहीत हव्यात.

पहिली घटना २०१५ ची. थॉनचा पूर्वज एडी थॉन स्वतःवर गोळी झाडून घेतो. पूर्वजच गेला, त्यामुळे वंशज जन्मणार नाही. ईओबार्ड सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विरून जातो.

दुसरी घटना २०१६ ची. बॅरी ॲलन म्हणजे फ्लॅश मागे, २००० सालच्या त्या रात्री जातो, जेव्हा थॉन त्याच्या आईचा खून करणार असतो. बॅरी थॉनला पकडतो आणि वेगळीच टाइमलाइन तयार होते. हेच 'फ्लॅशपॉइंट'. बॅरीने पकडलेला थॉन हा त्या रात्रीचा, अजून न विरलेला थॉन. पुढे बॅरीला चूक कळते आणि तो थॉनला सोडून सगळं पूर्ववत करायला लावतो.

इथे लोक गोंधळतात. टाइमलाइन जवळपास पूर्ववत झाली म्हणजे एडीचा मृत्यूही परत खरा झाला. हिशोबाने ईओबार्ड जन्मलाच नाही. पण फ्लॅशपॉइंटमधून बाहेर पडलेला हा थॉन तर जिवंत फिरतो आहे. शाळेतला भागाकार आठवा. भाग पूर्ण गेला नाही की खाली एक आकडा उरतो. थॉन हा तसा उरलेला आकडा आहे. मालिकेत त्याला 'टाइम रेम्नंट' म्हणतात, मराठीत 'बाकी' हा शब्द त्याला अगदी चपखल बसतो.

तिसरी घटना म्हणजे ब्लॅक फ्लॅश. वेगवान माणसांना शक्ती देणारा 'स्पीड फोर्स' ही बाकी सहन करत नाही. 'द फ्लॅश'च्या दुसऱ्या सीझनच्या शेवटी झूम म्हणजे हंटर झोलोमन काळाच्या रखवालदारांच्या हाती सापडतो आणि त्याचा काळा, कुजलेला धावपटू होतो. तोच ब्लॅक फ्लॅश आता थॉनच्या मागावर आहे. थॉन एका जागी फार वेळ थांबला की तो येऊन गाठतो. थॉन साथीदारांशी बोलता-बोलता अर्ध्यातच नाहीसा का होतो, याचं कारण हेच. डेमियन डार्क आणि माल्कम मर्लिन या साथीदारांना ते दहाव्या एपिसोडमध्ये उमगतं. त्याआधी पाहणाऱ्याला वाटतं की थॉन माजात निघून जातो. खरं तर तो जीव वाचवत पळत असतो.

हे एकदा कळलं की सीझनच्या खलनायकाकडे पाहण्याची नजरच बदलते. थॉनला जग जिंकायचं नाही. त्याला असायचं आहे. आपण जन्मलो, ही गोष्ट त्याला खरी करून हवी आहे. मालिकेतल्या इतर कुठल्याही खलनायकाचं कारण इतकं साधं आणि इतकं खोल नाही, म्हणून मॅट लेचरने केलेली ही भूमिका पूर्ण सीझन खांद्यावर घेते.

थॉनच्या टोळीतल्या बाकीच्या तिघांचीही मागणी स्पष्ट आहे. डार्कला २०१६ मधला आपला मृत्यू टाळायचा आहे. तो मृत्यू त्याला कुणी सांगितला, ते महत्त्वाचं. पाचव्या एपिसोडमध्ये, १९८७ साली, सारा त्याच्यासमोर उभी असते. पुढे तो तिची बहीण लॉरेलला मारणार, हे तिला माहीत आहे. ती त्याला मारत नाही, पण तुझा शेवट हरूनच होणार असं तोंडावर सुनावते. आधी थॉनला झिडकारणारा डार्क त्यानंतरच त्याला जाऊन मिळतो. म्हणजे शत्रूंची टोळी बांधायला साराच्या रागाचा हात लागला. मर्लिनला गमावलेला हात, पद आणि कुटुंब परत हवं आहे. लेनर्ड स्नार्ट येतो तो टीममध्ये येण्याआधीच्या काळातून उचललेला. पहिल्या सीझनच्या शेवटी टीमसाठी जीव देणारा स्नार्ट हा नव्हे. हा फरक सुटला तर त्याचा जुना जोडीदार मिक रोरी याची पुढची फितुरी समजतच नाही.

भाला आणि त्याचे तुकडे

या चौघांना हवी असलेली वस्तू म्हणजे 'स्पिअर ऑफ डेस्टिनी'. वधस्तंभावरच्या येशूच्या कुशीत रोमन शिपायाने खुपसलेला भाला. परंपरेत त्या शिपायाचं नाव लॉन्जायनस. मालिकेत या भाल्याला वास्तव नव्याने लिहिण्याची शक्ती दिली आहे. इतिहासातली एखादी घटना बदलायला जावं लागतं, थांबावं लागतं, चूक झाली तर निस्तरावी लागते. भाल्याने मात्र सगळं एका फटक्यात लिहिता येतं. थॉनला तोच का हवा, हे इथे कळतं. एडीचा मृत्यू थांबवायला कालप्रवास पुरत नाही, कारण ब्लॅक फ्लॅश मागावर असतोच.

ही शक्ती ओळखून रिप हंटरने भाल्याचे तुकडे केले होते. एक त्याने स्वतःजवळ ठेवला, बाकीचे 'जस्टिस सोसायटी' या दुसऱ्या महायुद्धातल्या सुपरहिरोंच्या गटाच्या सदस्यांना दिले आणि त्यांना वेगवेगळ्या काळात पेरलं. स्टारगर्ल इसवी सन ५०७ च्या कॅमेलॉटमध्ये मर्लिन बनून राहते (हा जादूगार मर्लिन, तिरंदाज माल्कम मर्लिनशी संबंध नाही). डॉक्टर मिड-नाइट सन ३००० च्या डेट्रॉइटमध्ये. नेटचे आजोबा कमांडर स्टील नासामध्ये. त्यांनी आपला तुकडा चंद्रावर रोवलेल्या अमेरिकी झेंड्यात लपवला.

मग खलनायक सरळ मागे जाऊन अखंड भालाच का उचलत नाहीत? कारण कुणाला कुठे पाठवलं हे फक्त रिपला ठाऊक, आणि त्याची स्मृती गेलेली. १९६७ मध्ये तो स्वतःला साधा चित्रपट दिग्दर्शक समजून जगत असतो आणि भाल्याचा तुकडा त्याच्या सेटवर नुसती वस्तू म्हणून पडलेला असतो. म्हणून थॉनच्या टोळीला आधी रिपच्या डोक्यात शिरावं लागतं. तिथून तो दुष्ट होऊन बाहेर येतो आणि १७७६ च्या हिवाळ्यात थेट जॉर्ज वॉशिंग्टनच्या जिवावर उठतो. त्याला परत माणसांत आणायला सारा आणि जॅक्स तेराव्या एपिसोडमध्ये त्याच्या मनात उतरतात.

अपोलो १३ चा एपिसोड जरा थांबून पाहावा. १९७० ची चांद्रमोहीम, थॉन जॅक स्विगर्टच्या जागी यानात शिरलेला. खऱ्या इतिहासातही स्विगर्ट शेवटच्या क्षणीचाच बदली माणूस होता. केन मॅटिंगली रुबेलाच्या (जर्मन गोवराच्या) संपर्कात आल्याने उड्डाणाच्या जेमतेम काही दिवस आधी त्याच्या जागी स्विगर्टला घेतलं गेलं. कुणाचा चेहरा बदलला तर कमीत कमी संशय कुणावर येईल, याचं उत्तर इतिहासातूनच उचललेलं आहे. रे आणि थॉन चंद्राजवळ एकमेकांच्या मदतीने जीव वाचवतात आणि तेवढा वेळ थॉन नुसता एकाकी माणूस दिसतो. नेटला वाटत असतं की आजोबांना १९५० च्या दशकात घरी पोहोचवावं, म्हणजे आपल्या वडिलांना वडील मिळतील. तसं केलं तर नेट जन्मेलच असं नाही. हेन्री हेवूड शेवटी अवकाशात जीव देतात आणि तो प्रश्न नेटच्या हातून काढून घेतात.

आणखी दोन बाक्या

थॉनला बाकी म्हटलं की टीममधल्या बाक्याही दिसू लागतात. १९८७ मध्ये प्रोफेसर मार्टिन स्टाइन आपल्याच तरुण रूपाला बजावतात की बायकोकडे लक्ष दे. तेवढ्या एका वाक्याने वर्तमानात त्यांना लिली नावाची मोठी झालेली मुलगी मिळते, जी आधी नव्हती. तिच्या लहानपणाच्या आठवणी त्यांच्या मनात हळूहळू उमटत जातात. तिसरा नियमच, फक्त उलट दिशेने. नियमाने लिली ॲबरेशन आहे. टीमचं काम ॲबरेशन पुसणं. स्टाइन तिला पुसायला ठाम नकार देतात आणि मालिका त्यांना त्यासाठी शिक्षा करत नाही. मला हा सीझनमधला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. थॉनचं असणं गुन्हा आणि लिलीचं असणं आनंद, हे कोण ठरवणार? मालिका हा प्रश्न सोडवत नाही, शेजारी-शेजारी ठेवते.

अमायाचं गणित याच्या विरुद्ध टोकाला. ती १९४२ ची. सीझनच्या उत्तरार्धात तिला कळतं की पुढे आपल्या झांबेसी गावाचा नाश होणार आहे आणि आपल्याला मारी नावाची नात होणार आहे, जी पुढची व्हिक्सन असेल. ती नात हवी असेल तर अमायाला कधीतरी आपल्या काळात परत जावंच लागेल. नेटवरचं प्रेम इथे अडकतं.

मधला क्रॉसओव्हर कसा पाहावा

सातवा एपिसोड 'इन्व्हेजन!' एकटा पाहिला तर काही कळत नाही, कारण तो चार रात्रींच्या एकत्र गोष्टीचा शेवट आहे. क्रम असा: २८ नोव्हेंबर २०१६ चा 'सुपरगर्ल' एपिसोड, त्यातली फक्त शेवटची काही मिनिटं या गोष्टीशी जोडलेली आहेत. मग २९ चा 'द फ्लॅश', ३० चा 'ॲरो' (त्या मालिकेचा शंभरावा एपिसोड) आणि १ डिसेंबरचा 'लेजेंड्स'. लिली पहिल्यांदा समोर येते ती याच भागात, म्हणून तो सोडू नये. याच क्रॉसओव्हरमध्ये 'ॲरो'मधल्या डिगलला कळतं की बॅरीच्या फ्लॅशपॉइंटमुळे त्याची मुलगी पुसली गेली आणि तिच्या जागी मुलगा आला. एकाला मूल मिळालं, एकाचं गेलं, दोन्ही चुका एकाच जातीच्या.

वेळ कमी असेल तर तिसरा, चौथा आणि सहावा एपिसोड मुख्य धाग्याला धक्का न लावता पुढे ढकलता येतात. त्यातला चौथा मात्र नंतर नक्की पाहा. १८६३ चं मिसिसिपी, गुलामांचे मळे, आणि तिथे उभा असलेला आजचा कृष्णवर्णीय तरुण जॅक्स.

शेवटचे तीन एपिसोड

पंधराव्यात टीम १९१६ च्या सॉमच्या रणभूमीवर जाते. भाला नष्ट करायला येशूचं रक्त हवं, आणि त्याचा माग ज्याला ठाऊक आहे तो सैनिक म्हणजे तरुण टोल्कीन, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पुढचा लेखक. खरे टोल्कीनही १९१६ मध्ये सॉमला होते आणि खंदकातल्या तापाने आजारी पडून मायदेशी परतले. इथेच मिक, टीमने आपल्याला कधी विश्वासात घेतलंच नाही या जुन्या सलामुळे, स्नार्टचं ऐकतो आणि भाला थॉनच्या हाती जातो. फितुरी घाईत उरकली असा आक्षेप घेतला जातो. आधीच्या एपिसोडमधले मिकला गप्प बसवण्याचे प्रसंग मोजा, मग ती घाई वाटत नाही.

सोळाव्यात, 'डूमवर्ल्ड'मध्ये, भाल्याने लिहिलेलं जग. डार्क स्टार सिटीचा महापौर. सारा आणि अमाया त्याच्या हस्तक. रे प्रयोगशाळेत झाडलोट करतो, स्टाइन जॅक्सच्या हाताखाली राबतात, नेटला जगात काहीतरी कट आहे असं वाटत राहतं पण कुणी ऐकत नाही. थॉनने ब्लॅक फ्लॅशलाही कोंडून ठेवलं आहे. आता कुणी पुन्हा काही लिहू नये म्हणून तो भाला जाळून टाकतो. स्नार्ट अमायाला गोठवून मारतो.

सतराव्यासाठी कागदावर दोन रकाने करा. 'अ' रकान्यात १९१६ ची मूळ टीम, जिच्याकडे भाला अजून आहे आणि जिला पुढचं काहीच माहीत नाही. 'ब' रकान्यात डूमवर्ल्ड पाहून १९१६ ला परतलेली टीम. अमाया 'ब'मध्ये मेलेली, 'अ'मध्ये जिवंत. कोण कोण हे कळेनासं झालं तर चेहऱ्याकडे पाहा. ज्याला शोक झालेला आहे, तो 'ब'. डूमवर्ल्डमध्ये भाला जळाला, म्हणून तो मिळेल फक्त भूतकाळात. त्यासाठी दुसरा नियम मोडावा लागतो आणि तो मोडला जातो. 'ब'ने गुपचूप भाला पळवावा आणि 'अ'ला कळूही नये, असा बेत असतो. तो फसतो. डूमवर्ल्डमधला थॉनही मागोमाग येतो आणि एकदा तो आल्यावर 'ब'ची माणसं एकेक करून मरू लागतात. रेचं काळीज थॉन हाताने उपटतो.

'ब'ची माणसं मरतात आणि तरी 'अ'ची तीच माणसं जिवंत राहतात. कारण 'ब' आता थॉनसारखीच बाकी झाली आहे. ज्या जगातून ती आली, ते जग 'अ' वाचली की राहणारच नाही. त्यांना हे माहीत असतं आणि तरी ती लढतात. थॉनही आपल्या कित्येक प्रती काळातून गोळा करून आणतो. मैदानावर दोन्हीकडे बाकीच बाकी.

शेवटी भाला साराच्या हातात येतो. तिला लॉरेल समोर दिसते. बहीण परत आणायला एक वाक्य पुरलं असतं. सारा ते लिहीत नाही. ती भाल्याची शक्तीच काढून घेते. थॉन त्यावर मंत्र म्हणतो आणि काहीच होत नाही. तेवढ्या वेळात ब्लॅक फ्लॅश त्याला गाठतो. मूळ थॉन गेला की त्याच्या सगळ्या प्रती एकदम विरतात, आणि 'ब'मधलं जे कुणी उरलं होतं तेही. डार्क, मर्लिन आणि स्नार्ट यांच्या आठवणी पुसून त्यांना आपापल्या काळात सोडलं जातं. तिथे त्यांचं मरण ठरलेलंच आहे.

दुसरा नियम मोडल्याची किंमत शेवटच्या मिनिटात वसूल होते. टीम २०१७ च्या लॉस एंजेलिसला उतरते, बाहेर पाहते, आणि रस्त्यावर डायनासोर फिरत असतात.